एल्डरवॉथ नावाची माणसं

लेस्टर
शुक्रवार, ४ एप्रिल २०२५

अक्षया,

आज सकाळी उशिरा उठले. चहा घेतला. कचऱ्याचं निळं बिन बाहेर ठेवलं. आपल्या रस्त्याचा दिवस उद्या आहे हे मागून आठवलं, म्हणून पुन्हा आत आणलं. शेजारच्या नीनाने मेथीची जुडी दिली, ती निवडली. दुपारी हिलरी क्रॉस नावाच्या एक बाई आल्या, संध्याकाळी गेल्या. भाकरी करायचा कंटाळा आला, टोस्ट खाल्ला.

तुझा मेसेज मंगळवारी मिळाला. जूनमध्ये साराला पुण्यातल्या शाळेत घालते आहेस आणि तिथे सारा एल्डरवॉथ असं न लावता सारा मेहेंदळे, तू कधी न बदललेलं तुझं आडनाव, लावायचं म्हणतेस. तुझे बाबा म्हणाले, देवच्या आईला विचारल्याशिवाय करू नकोस, म्हणून 'माझी हरकत नाही' असं मी माझ्या हाताने दोन ओळी लिहून पाठवाव्यात. तुझ्या बाबांना माझा नमस्कार सांग. दुसरं कोणी असतं तर विचारलं नसतं.

ते लिहायलाच बसले आहे. फोन केला की आपण दोघी गप्प बसतो आणि मग तू 'नेटवर्क बरं नाही' म्हणतेस. म्हणून पत्र.

आधी त्या बाईंचं सांगते. हिलरी भूगोलाच्या शिक्षिका होत्या, आता निवृत्त आहेत. त्यांच्या आईची आई एल्डरवॉथ. या आडनावाची जगातली सगळी माणसं शोधायचा त्यांना नाद आहे. कोण कुठे जन्मलं, कोण बोटीत बसून ऑस्ट्रेलियाला गेलं, सगळं. फेब्रुवारीत पेपरात देव गेल्याची बातमी आली तेव्हा त्यांनी मला कार्ड पाठवलं होतं. त्या कार्डांच्या ढिगात तेही होतं, मला आठवत नव्हतं.

दारात त्यांनी विचारलं, "मिसेस एल्डरवॉथ?" मी हो म्हटलं. तू पाहिलं आहेस, लोक हे नाव फोनवर ऐकतात आणि मग मला बघून माझ्या पाठीमागे कोणी येतंय का ते पाहतात. यांनी तसं केलं नाही. पाटीकडे बघत म्हणाल्या, "इंग्लंडमध्ये दारावर आडनाव? आमच्याकडे फक्त डेंटिस्ट लावतात."

पीटर अगदी हेच म्हणाला होता. हे घर घेतलं तेव्हा मी मिरजेहून पितळी पाटी करून आणली. तो म्हणाला, "नंदा, लोक दात दाखवायला येतील." पण घराला पाटी नाही म्हणजे काय? शेवटी त्यानेच स्क्रूने बसवली, जरा तिरकी.

हिलरींनी मला आकडे सांगितले. १८८१ च्या जनगणनेत या देशात एकशे बारा एल्डरवॉथ होते. पहिल्या महायुद्धानंतर निम्मे. जानेवारीपर्यंत चार. आता तीन. ग्रिम्स्बीला एका केअर होममध्ये आर्थर म्हणून एक म्हातारे आहेत, दुसरी मी, तिसरी सारा. ती लेस्टरला जन्मली म्हणून त्या अजून तिला इथेच धरतात.

मी म्हटलं, मी रक्ताची नाही, मला कशाला मोजता? त्या म्हणाल्या, "नाव रक्त विचारत नाही, नंदा. मतदार यादीत आहात, बस्स."

त्यांनी आधी चिवड्याला हात लावला नाही, नंतर सगळा संपवला. जाताना काही सांगायचं होतं असं वाटलं, पण कोट घालून गेल्या.

आता उशीर झाला. तुझं काम पुढच्या पत्रात करते.

आई

लेस्टर
शुक्रवार, २५ एप्रिल

अक्षया,

आज देवचं मासिक श्राद्ध होतं. गुरुजी आले. केळी, तांदूळ, तीळ घरात होते, दर्भ त्यांनी आणला. त्यांना पुढे हाउन्सलोला एक वास्तुशांत होती, म्हणून घाई होती. ते गेल्यावर मी भांडी घासली आणि बराच वेळ जिन्यावर बसले.

तुझा मेसेज श्राद्धाच्या आधीच आला होता. साराचं पुन्हा पुन्हा वाचलं. ती सध्याच्या बालवाडीत हजेरीला नाव घेतलं की उत्तर देत नाही. तिने तुला विचारलं, "बाबा ज्या पाण्यात गेला ते माझ्या नावात का आहे?" आंघोळीला बादलीत हात घालत नाही, तू तांब्याने पाणी घालतेस तेव्हा डोळे मिटून तुझा गाऊन धरते. हे मला आधी का नाही सांगितलंस? नको, त्याचं उत्तर देऊ नकोस.

नावाचा अर्थ तिला कोणी सांगितला ते मला माहीत आहे. देवनेच सांगितला, नाताळात, माझ्याच सोफ्यावर. एल्डर म्हणजे पांढऱ्या फुलांचं झुडूप. वॉथ म्हणजे नदी पायी ओलांडायची उथळ जागा, आपण उतार म्हणतो तो. "सारा, म्हणजे आपण त्या झाडापाशी नदी क्रॉस करणारे लोक." ती सोफ्यावरून गालिच्यावर नदी ओलांडत होती. तू व्हिडिओ काढलास.

गुरुजींनी आज विचारलं, गोत्र कुठलं? मी म्हटलं, त्याचे वडील इंग्रज होते. "मग काश्यप म्हणू. ज्यांना माहीत नाही त्या सगळ्यांचं काश्यप." मग तीन पिढ्यांची नावं विचारली. वडील पीटर, आजोबा हॅरल्ड एवढं मला येत होतं. पणजोबा माहीत नव्हते. गुरुजी थांबले. मी आतल्या खोलीत जाऊन हिलरींना फोन केला. त्या म्हणाल्या, "विल्यम. शेतमजूर. का?" मी म्हटलं, त्यांना पाणी द्यायचं आहे. त्या म्हणाल्या, "त्याला फार दिवसांत कोणी काही दिलेलं नाही."

गुरुजींनी विल्यमला काश्यप गोत्रात घेतलं आणि पळीभर पाणी सोडलं.

तू तेराव्या दिवशी स्वयंपाकघरात मला म्हणालीस, "नारळ तुम्ही दिलात." त्यावर आजही बोलायचं नाही. फक्त तो तिथे का गेला ते तुला पूर्ण माहीत नाही, तेवढं लिहिते.

तो नऊ वर्षांचा असताना मी त्याला आष्ट्याला नेलं होतं. मी माहेरची आष्टेकर, गाव आष्टा, देऊळ गावातच. लग्न झालं, मूल झालं की एकदा तिथे जाऊन नारळ ठेवायचा. पुजाऱ्याने त्याला विचारलं, "तुझं गाव कोणतं रे?" तो परत येईपर्यंत मला विचारत होता, "आई, माझा गाव कुठली?" मी म्हटलं, आडनावात असतं बघ. माझ्या आहे, तसं तुझ्याही असेल. घरी येऊन त्याने पीटरला विचारलं. पीटर म्हणाला, "केटरिंग. आणि बघण्यासारखं काही नाही."

त्याचं समाधान झालं नाही. तू त्याला हसायचीस, माझा गाव काय, माझं गाव म्हण. तो मुद्दाम चुकवायचा. सारा झाल्यावर त्याने ते पुन्हा काढलं. आडनावांच्या कुठल्याशा वेबसाइटवर त्याला सापडलं की हे नाव यॉर्कशरमधल्या एका ओढ्यावरच्या उताराचं आहे, खुणेला झुडूपसुद्धा आहे. साराच्या पाचव्या वाढदिवसाआधी एकदा जाऊन यायचं ठरवलं. तुला ऑफिस होतं, साराला ताप होता, म्हणून तो हाउन्सलोहून एकटाच माझ्याकडे आला. शुक्रवारी रात्री राहिला. पुढचं तुला माहीत आहे.

पोलिसांनी पिशवी दिली त्यात थर्मास, हातमोजे आणि माझा टॉवेल होता. नारळ नव्हता. म्हणजे त्याने तो सोडला होता. मी इतके दिवस तेवढं धरून बसले आहे की तो आपल्या पाण्यात सोडला.

तुझ्या कागदाचं विसरले नाही.

आई

लेस्टर
शुक्रवार, १६ मे

अक्षया,

आज ऊन होतं. हिलरी पुन्हा आल्या, लेमन केक घेऊन. दोन तुकडे खाल्ले, एक त्यांनी, एक मी. बाकीचा नीनाकडे दिला.

ग्रिम्स्बीचे आर्थर गेल्या आठवड्यात गेले. ब्याण्णव वर्षांचे होते. त्यांना मूलबाळ नव्हतं. हिलरी फ्युनरलला जाऊन आल्या. म्हणाल्या, "मी, एक नर्स आणि एक माणूस चुकून आला होता." आम्ही दोघी हसलो. मग त्या रडल्या. मी त्यांना टिश्यूचा डबा दिला.

पहिल्या दिवशी त्यांना जे सांगायचं होतं ते त्यांनी आज सांगितलं. तुला सांगू नये असं मला वाटलं होतं. पण साराचं वाचल्यापासून माझ्याकडे ठेवता येत नाही.

एल्डरवॉथ दोन होते. एक यॉर्कशरचा, जिथे देव गेला. तिथल्या घराण्यातली शेवटची बाई लग्न न करता दोनशे वर्षांपूर्वी गेली. तिचा दगड चर्चमध्ये आहे. ते घराणं तिथेच संपलं. वेबसाइटवाल्यांना नाव दिसतं, ओढा दिसतो, ते जोडून टाकतात. विल्यम शेतमजूर, त्याचा बाप, त्याचा आजा, हे सगळे दुसरे. ते कधी यॉर्कशरला गेलेच नाहीत. त्यांचा उतार इथे आहे, लेस्टरशरमध्ये. जुन्या नकाशात तिथे एल्डरवॉथ फार्म आहे. हिलरींनी बोट ठेवून दाखवलं. माझ्या घरापासून एका बसवर आहे, अक्षया.

मी विचारलं, "नक्की?" त्या म्हणाल्या, "मला चुकायला आवडलं असतं. तीनदा पाहिलं."

मी विचारलं, त्याने तुम्हाला विचारलं असतं तर? त्या म्हणाल्या, "मी फोनवर पाच मिनिटांत सांगितलं असतं. माझा नंबर सापडणं सोपं नाही, त्याचा दोष नाही."

मी त्यांच्यासाठी पुन्हा चहा ठेवला आणि गॅस लावायचाच राहिला.

ती जागा आमची नव्हती. पाणी आमचं नव्हतं, झुडूप आमचं नव्हतं. नारळ दुसऱ्यांच्या पाण्यात गेला. तो गेला, निदान आपल्या जागी गेला, असं मी रात्री स्वतःला सांगायचे. ते आता सांगता येत नाही.

आज एवढंच.

आई

लेस्टर
शुक्रवार, ३० मे

अक्षया,

आज मी त्या जागी जाऊन आले. सकाळी बसने गेले, दुपारी परत आले. पायात जुने बूट होते, डावा टोचला.

तुझा मेसेज मिळाला. पंधरा जूनच्या आत शाळेला नाव कळवायचं आहे. आणि तू लिहिलं आहेस, "आई, नाही म्हणायचं असेल तर नाही म्हणा, पण काहीतरी म्हणा." बरोबर आहे तुझं.

जागेचं सांगते. मोटरवेजवळ आहे. पत्र्याची एक प्रचंड मोठी करडी इमारत, खिडकी नाही, पार्सलांचं गोदाम. बाहेर लॉऱ्यांची रांग. जुन्या नकाशातलं शेत त्याच्याखाली आहे. ओढा पाइपात घातला आहे. कुंपणाच्या कडेला एक लोखंडी जाळी आहे, तिथे कान दिला तर पाणी ऐकू येतं. झुडपं एकही नाही. गवत कापलेलं, मध्ये धूम्रपान करू नये असा बोर्ड.

मी जाळीपाशी वाकले होते तेवढ्यात पिवळं जाकीट घातलेली सिक्युरिटीची बाई आली. आपल्या बेलग्रेव्ह रोडवर दिसतात तशी, गुजराती, चाळिशीची.

"मासी, पार्सल कलेक्शन त्या बाजूला आहे."

"पार्सल नाही."

"मग काय पडलं आत? चावी? सगळ्यांच्या चाव्या पडतात इथे. मागच्या आठवड्यात एकाचे दात पडले. खोटे, पण दातच."

मी म्हटलं, काही पडलं नाही. माझ्या मिस्टरांचं गाव आहे हे.

तिने इमारतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हे?"

"याच्या खाली."

तिने माझ्या कोपराला धरलं आणि तिच्या केबिनमध्ये नेलं. फ्लास्कमधला चहा दिला, आल्याचा, फार गोड. तिने विचारलं, मुलं किती? मी म्हटलं, एक होता. तिने माझा कप पुन्हा भरला आणि म्हणाली, "माझा नवरा इथे नाइट शिफ्टला असतो. त्याला मी सांगेन खाली कोणाचं तरी गाव आहे म्हणून. निदान थुंकणार नाही."

मी नारळ नेला नव्हता. यापुढे कुठेही नेणार नाही.

परत येताना बसमध्ये विचार केला की हे सगळं मी तुला एका वेगळ्या तऱ्हेने लिहू शकते. साराला सांग, तुझ्या नावात ते पाणी नाही, तुझं पाणी वेगळं, छोटं, पाइपातलं, त्यात कोणी बुडत नाही. तिची भीती जाईल. मग नाव बदलायचं कारण राहणार नाही. ती एल्डरवॉथ राहील. मला ते हवं आहे. खोटं कशाला बोलू? पहिल्या दिवसापासून मला तेच हवं होतं, म्हणून चार पत्रं झाली आणि दोन ओळी झाल्या नाहीत.

पण घरी येऊन कुलूप उघडलं आणि वाटलं, तिला काय सांगायचं? तुझं पाणी ते नव्हे, म्हणजे तुझा बाबा चुकीच्या पाण्यात गेला. आज पाच वर्षांची आहे. पंधरा वर्षांची झाली की हेच दुसऱ्या बाजूने वाचेल.

मला अजून एक आठवडा दे.

आई

लेस्टर
शुक्रवार, ६ जून

अक्षया,

आज सकाळी पाऊस. दुपारी थांबला. हिलरींना फोन करून सांगितलं. बँकेत गेले नाही, भाजी आणली नाही. कागद घेऊन बसले.

या पाकिटात वेगळा कागद आहे. त्यावर लिहिलं आहे:

माझी नात सारा हिचं नाव शाळेत व इतरत्र सारा मेहेंदळे असं लावण्यास माझी हरकत नाही. हे मी स्वतःच्या समजुतीने लिहिलं आहे.

खाली सही आहे. त्याचा फोटो आत्ताच फोनवर पाठवला, म्हणजे पंधराच्या आत होईल. कागद मागून येईल. शाळेला आणखी काही लागलं तर कळव.

तिला पाण्याबद्दल काय सांगायचं ते तू ठरव. दुसऱ्या उताराचं मी तुला लिहिलं आहे, ते तुझ्याकडे ठेव. लगेच सांगितलंस तरी चालेल, कधीच नाही सांगितलंस तरी चालेल. बादलीत आधी तिची एखादी बाहुली घालून बघ. देव लहान असताना डोकं धुवायला घाबरायचा, तेव्हा पीटर आधी स्वतःचं डोकं बेसिनखाली धरायचा आणि मोठ्याने ओरडायचा. मग देव हसायचा आणि विसरायचा.

एक गोष्ट तुला माहीत नाही, ती सांगून टाकते. त्या दिवशी देवने मला फोटो पाठवला होता. ओढा, पलीकडे काळी झुडपं, पानं नव्हती. खाली लिहिलं होतं, "सापडली माझा गाव. पाणी थोडा जास्त आहे." मी लगेच लिहिलं, "पाण्यात उतरू नको. काठावरून सोड आणि परत ये." त्या माझ्या मेसेजवर अजून एकच टिक आहे. फोटोनंतर रेंज गेली असेल, मग फोन पाण्यात. मी रोज उघडून बघते, का ते माहीत नाही. तू म्हणालीस ते खरं आहे, नारळ मी दिला. हेही खरं आहे. दोन्ही तुझ्याजवळ असू दे.

हिलरी म्हणाल्या, "मग आता यादीत तुम्ही एकट्याच." मी म्हटलं, सांगली जिल्ह्यात जन्मलेली, बरोबर ना? त्या म्हणाल्या, "हो. हे नाव १३०० सालच्या आसपास सुरू झालं आणि तुमच्यापाशी आलं." मी विचारलं, माझ्यानंतर तुम्ही काय करणार? म्हणाल्या, "फाइल बंद करून लायब्ररीत देणार. आणि बागकाम."

त्यांनी मला रविवारी जेवायला बोलावलं आहे. जाईन असं वाटत नाही.

साराला माझ्यातर्फे काही सांगू नकोस. तिच्या वाढदिवसाला मी आणलेला पिवळा रेनकोट इथेच राहिला आहे, तो तिला आता आखूड होईल. नीनाच्या नातीला दिला तर चालेल का? कळव, किंवा नको, देऊन टाकते.

तुझ्या आईबाबांना नमस्कार. तू जेवत जा.

आज शुक्रवार आहे. पाटी घासायचा दिवस. चिंच सकाळीच भिजत घातली होती. पाकिटाला तिकीट लावून झालं की स्क्रू काढीन, पाटी सिंकमध्ये घेईन, चिंच आणि मीठ लावून घासीन, कोरडी पुसून परत बसवीन. एक स्क्रू सैल आहे. पीटरचा स्क्रूड्रायव्हर ड्रॉवरमध्ये आहे, सापडेल.

आई